आस्वाद कुणाचा, हात कुणाचा?

आस्वाद हा शब्द आमच्या वर्गातला. भरताने रसाची उकल करताना नाना व्यंजनांनी संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला. तेव्हा छोट्या, कडक, उंची सिगारच्या रसिकांनी तो शब्द उचलला याबद्दल आमची तक्रार नाही. धूर तोंडात घोळवून त्यात देवदार, कोको, चामडे शोधणे हेही एक वाचनच. तक्रार आहे ती अर्धवट वाचनाची.

हवानाच्या कारखान्यांत 1865 पासून सिगार वळणाऱ्या कामगारांना कादंबऱ्या वाचून दाखवीत. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलेले. रसिक हे कौतुकाने सांगतो. मात्र सातारा-सांगलीपासून निपाणीपर्यंतच्या विडी-तंबाखूच्या पट्ट्याविषयी त्याची जीभ मुकी होते. विडीही छोटी, कडक, हातानेच वळलेली. 1966 च्या कायद्याने तर विडी आणि सिगार कामगारांना एकाच नावाखाली आणले. मग एकीला चव आणि दुसरीला नुसता वास, हा भेद जिभेने केला की किमतीने? वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या श्वासात भुकटी जाते. विड्या वळणारीची मजुरी हजारावर ठरते. 1981 साली निपाणीत तंबाखूला भाव मागणारे शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

कुणी म्हणेल, मग विडीचेही रसग्रहण करा. ते आम्हांला नको. कर्करोग दोन्ही धुरांत आहे. पण कृतीमागचा हात वाचावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना रोज सांगतो. सहृदय म्हणवणाऱ्या रसिकाला त्यातून सूट का द्यावी?