लघवीची जळजळ आणि उरलेली गोळी

लघवीला जळजळ होते, घडीघडी जावं लागतं, ओटीपोट दुखतं. हे आपल्या बायका घरात सांगत नाहीत. सांगितलंच तर शेजारच्या खालाला, आणि खाला डब्यातली उरलेली गोळी काढून देतात. म्हणजे खालांनी आपला कोर्स अर्धा सोडला होता, आणि हिचाही अर्धाच होणार.

ती गोळी पुष्कळदा नायट्रोफ्युरँटॉइनची असते. पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावासोबत हे नावही असतं. चष्मा लावून वाचा. औषध १९५० च्या दशकातलं, पण आजही कामाचं. ते रक्तात फारसं साठत नाही, मूत्रपिंडातून लघवीत उतरतं आणि मूत्राशयातले जंतू मारतं. म्हणूनच थंडी वाजून ताप आला, पाठीत-कुशीत कळ आली, उलट्या झाल्या, तर ही गोळी पुरी पडत नाही. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अब्बांना त्रास असेल तरी डब्यातली गोळी देऊ नका. पुरुषांत प्रोस्टेटला संसर्ग असू शकतो, आणि तिथे हे औषध नीट पोचत नाही.

साध्या संसर्गात बाईला बहुधा १०० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. ती जेवणासोबतच घ्यावी. मळमळ कमी होते आणि औषध अंगीही चांगलं लागतं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याला घाबरू नका. दोन दिवसांत आराम पडला तरी दिलेले दिवस पुरे करा. मात्र खोकला, धाप, हातापायांना मुंग्या किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरला दाखवा.

दादीजानची किडनी कमजोर असेल तर हे औषध लघवीत पुरेसं उतरत नाही, रक्तात मात्र वाढतं. नववा महिना भरत आलेल्या सुनेला आणि महिन्याच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. पण सून गरोदर आहे म्हणून जळजळ अंगावर काढणंही धोक्याचंच; तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत.

रमजानमध्ये दोन वेळची गोळी सहेरी-इफ्तारला बसेल का, हे डॉक्टरला मोकळेपणाने विचारा. ताप असेल, पाणी पिणं गरजेचं असेल, तर रोजा नंतर कजा करता येतो. आजाऱ्याला ही सवलत कुरआननेच दिली आहे.

त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार, लॅबने दिलेल्या बाटलीत. बाटली हातात घेऊन जायची लाज वाटते, असं बायका म्हणतात. पर्समध्ये ठेवा, झाकण घट्ट असतं.