विश्लेषण : शेती करणाऱ्यालाच शेती शिकायची सोय का नाही?

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले नागनाथाचे देवस्थान आणि दुधाळा परिसरात उभी राहणारी गुरुत्वीय लहरींची 'लायगो' वेधशाळा, या दोन गोष्टींमुळे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे नाव राज्यभर घेतले जाते. 'लायगो'साठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तालुक्याचे पोट मात्र सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळदीवरच चालते. या पिकांचे पद्धतशीर शिक्षण कोणाला मिळते आणि कोण त्यापासून बाहेर राहतो?

औंढ्यात शेतीशिक्षणाची सोय आहे का?

आहे, आणि अनेक तालुक्यांपेक्षा बरी आहे. तालुक्यातील गोळेगाव येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठही शेजारच्याच जिल्ह्यात. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. वसमतला हळदीसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आहे. म्हणजे इमारती आणि प्रक्षेत्रे आहेत, तज्ज्ञही आहेत.

मग अडचण कुठे आहे?

अडचण दाराची आहे. कृषी पदवीला जायचे तर बारावी विज्ञान शाखेतून हवी, सीईटी हवी आणि चार वर्षांचा पूर्ण वेळ हवा. दहावीनंतरची कृषी पदविका दोन वर्षांची आहे, पण तिथेही रोज वर्गात बसावे लागते.

आता तालुक्यात प्रत्यक्ष शेती करणारे कोण आहेत ते पाहा. बारावी कला शाखेतून करून वडिलांच्या तीन एकरांवर राबणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. दहावीनंतर लग्न झालेली, हळदीची लावण, खुरपणी आणि काढणी करणारी बाई. पुण्यातली कंपनीतली नोकरी सुटल्यावर गावी परतलेला मुलगा. यांच्यापैकी एकालाही वरचे दार उघडत नाही.

त्यांच्या वाट्याला येते ते एका दिवसाचे किंवा चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण, मेळावा आणि शिवारफेरी. हे उपयोगाचे आहेच. पण त्याला पुढची पायरी नसते. आज बीजप्रक्रिया पाहिली, सहा महिन्यांनी ठिबकवर व्याख्यान ऐकले, तर त्यातून सलग शिक्षण होत नाही.

उलट कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून गावात येतात, शेतकऱ्याच्या बांधावर प्रात्यक्षिके करतात. त्याचे गुण विद्यार्थ्याला मिळतात. ज्याच्या शेतात हे सगळे घडले, त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

परिसरातील लोकांना, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून, त्यांना लागणारे कौशल्य शिकवणारे आणि हवे तर पुढे पदवीपर्यंत नेणारे महाविद्यालय. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले. तिथे आजही शेती आणि उद्यानविद्या शिकवली जाते.

भारतात ही कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरीतून आली. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजनाही आणली. महाराष्ट्रात या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते ते नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ पासून या विद्यापीठाने घरी राहून शिकण्याचा मार्ग खुला केला आणि माळी प्रशिक्षणापासून फळबाग व भाजीपाला उत्पादनाच्या पदविकांपर्यंत अभ्यासक्रम मराठीतून दिले. पण शेती पुस्तकातून अर्धीच शिकता येते. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रक्षेत्र, प्रयोगशाळा आणि शंका विचारायला माणूस जवळ लागतो. गोळेगावात हे तिन्ही आहे.

असा अभ्यासक्रम चालतो, याचा पुरावा आहे का?

आहे, आणि तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभा आहे. खते, बियाणे, औषधे विकणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये 'देसी' ही एक वर्षाची पदविका सुरू केली. ४८ आठवड्यांत ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी, तेही दुकानाच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी. दुकान बंद न ठेवता दुकानदार शिकतो.

विकणाऱ्यासाठी ही सोय झाली, हे चांगलेच आहे. पण फवारणाऱ्याचे काय? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणाऱ्याला औषधाचे प्रमाण, कोणते औषध कशात मिसळू नये, वाऱ्याची दिशा आणि डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ कोण शिकवणार?

हळदीत शिकण्यासारखे काय आहे?

'शेतकऱ्याला शेती काय शिकवायची?' हा नेहमीचा प्रश्न. हळदीपुरते उत्तर असे : बेण्याची निवड आणि प्रक्रिया, गादीवाफ्यावरची लावण, ठिबकमधून खते, कंदमाशी आणि कंदकूज वेळेत ओळखणे, शिजवण, वाळवण, पॉलिश. यातले बरेच शेतकऱ्याला येते. पण मातीचा अहवाल वाचणे, कुरकुमीनची तपासणी, निर्यातीसाठी औषधांच्या उर्वरित अंशाची मर्यादा, शेतकरी उत्पादक कंपनीचा ताळेबंद, हे वडिलांकडून शिकता येत नाही, कारण वडिलांच्या काळात त्याची गरजच नव्हती.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते नाव वापरायचे तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ही प्रक्रिया ज्याला कळेल, त्यालाच मानांकनाचा पैसा मिळेल.

शिकण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. गोरोबाकाकांनी 'कच्चे मडके' ठरवल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले ते याच औंढ्यात, अशी परंपरा सांगते. तेव्हा ते काही बाळबोध भक्त नव्हते.

वेळेचे गणित बसते का?

बसते. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांचा एक श्रेयांक होतो आणि वर्षाला ४० श्रेयांक धरले जातात. दहा श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे ३०० तास. त्यातले निम्मे तास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शेतातल्या नोंदवलेल्या कामाचे धरले, तर वर्गाचे उरतात १५०. दर शनिवारी सहा तास, असे २५ शनिवार. पेरणी आणि काढणीचे आठवडे सोडूनही हे एका वर्षात होते. श्रेयांक खात्यात जमा राहतात, त्यामुळे पुढे कोणाला पदविका करायची असेल तर सुरुवात शून्यापासून होणार नाही.

काय करायला हवे?

पहिले, कृषी विद्यापीठाने गोळेगावात शनिवारचा अभ्यासक्रम सुरू करावा : एक तुकडी हळदीची, एक फळबाग व रोपवाटिकेची. मराठीतून, सीईटीशिवाय, वयाच्या अटीशिवाय.

दुसरे, प्रवेशासाठी सातबारा मागू नये. शेतातले सर्वाधिक काम करणाऱ्या बाईच्या नावावर बहुतेकदा जमीन नसते. ही एक अट घातली, तर जिच्यासाठी वर्ग हवा तीच बाहेर राहील.

तिसरे, तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची प्रशिक्षणे याच श्रेयांकांना जोडावीत.

शिक्षक कमी आहेत, हा आक्षेप खरा आहे. कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांची तक्रार जुनी आहे आणि आहे त्याच प्राध्यापकांवर शनिवार लादणे योग्य नाही. त्यासाठी मानधनावर निवृत्त कृषी अधिकारी, प्रयोगशील शेतकरी आणि पदव्युत्तर विद्यार्थी घेता येतील. 'देसी'ची रचनाही बाहेरच्या तज्ज्ञांवरच उभी आहे.

नोकरी मागणाऱ्यासाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेती करणाऱ्यासाठी एका दिवसाचा मेळावा, ही आजची वाटणी आहे. ती बदलायला औंढ्यात नवी इमारत लागत नाही. आहे त्या महाविद्यालयाचे फाटक शनिवारी उघडे ठेवले, तर सुरुवात होऊ शकते.