पाळी शिकवा, कावळा नको

1994 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण? त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. आता 2016च्या कायद्यानुसार, संमतीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. पण कायदा काही पॅड बदलायला शिकवत नाही.

चिपळूणमधली माझी मामेबहीण ऑटिस्टिक आहे, वय तेरा. ‘तिला काय कळतंय?’ असं सगळे म्हणतात. कळतं हो! फक्त आडवळणाने सांगितलेलं कळत नाही. ‘कावळा शिवला’ म्हणालात, तर ती कावळा शोधेल.

म्हणून अवयवांची खरी नावं सांगा. बाथरूमच्या भिंतीवर पायऱ्यांची चित्रं क्रमाने लावा. पाळी यायच्या आधीच पॅड लावायचा सराव करून घ्या. मुलग्यांना सांगा, झोपेत वीर्य बाहेर येणं हा आजार नाही. हस्तमैथुन एकट्याने, दार लावून.

हे शिकवणं अश्लील वाटतं? ज्या मुलाकडे अवयवाचं नाव नाही, ‘नाही’ हा शब्द नाही, ते कुणी हात लावला तर सांगणार कसं?

‘अजून लहान आहे’ म्हणत आपण थांबतो. शरीर थांबत नाही.