घडवणाऱ्याचे चरित्र कोण लिहिणार?

मराठी समीक्षेत ‘प्रचारकी’ या विशेषणाइतका स्वस्त शब्द दुसरा नसेल. एखादी कादंबरी प्रचारकी आहे असे म्हटले की पुढे वाचण्याची जबाबदारी संपते. फडके-खांडेकर वादापासून ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. ‘कलेसाठी कला’ म्हणणाऱ्यांनी हा शब्द शिवीसारखा वापरला. ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्यांनी तो आरोप मानून त्याचे खंडन करण्यात शक्ती घालवली. प्रचार ही स्वतः एक विद्या आहे, ती कोणीतरी कोणाला तरी शिकवतो आणि त्या शिकवणाऱ्याचे आयुष्य वाङ्मयाचा विषय होऊ शकते, याचा विचार दोन्ही पक्षांनी फारसा केलेला दिसत नाही. त्याची किंमत आज आपण मोजतो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शिक्षक होते. वेंगुर्ल्याजवळच्या याच गावातल्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. म्हणजे मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध ध्येयवादी कादंबरीकाराच्या दारातच एक मोहीम उभी राहिली होती. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्यानंतर चारच वर्षांनी, १९३४ मध्ये आल्या. खांडेकरांच्या नायकांचा त्याग, त्यांचे प्रेम, त्यांची व्यथा आपण परीक्षेसाठी पाठ केलेली असते. पण मिठागरावर जाणाऱ्या तुकडीच्या मुक्कामाची सोय कोणी केली, भाताला तांदूळ कोणी जमवले, लाठी बसली तरी हात उचलायचा नाही हे अंगी मुरावे म्हणून कोणी काय शिकवले, हे प्रश्न ध्येयवादी कादंबरीला पडत नाहीत. तिथे ध्येय नायकाला स्फुरते. प्रत्यक्षात ते शिकवावे लागते, आणि शिकवणे हे कंटाळवाणे, हिशेबी, रोजचे काम असते.

त्या सत्याग्रहाच्या अग्रणींपैकी एक म्हणजे सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नाव फार तर गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी अनुवादक म्हणून ठाऊक असते. कोकण त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणते, आणि हे बिरुद दिले की आपले काम संपले असे समजते. बिरुदाने माणूस पूज्य होतो आणि अभ्यासाबाहेर जातो.

आप्पासाहेबांची खरी करामत वेगळी होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. जातीमुळे ते नाकारले गेले, त्यावर त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. चरित्रकाराला भुरळ पडावी असाच हा प्रसंग आहे. पण नेमका इथेच डॉ. आंबेडकरांचा आक्षेप आडवा येतो. भंगीकामाला सेवेचे तेज चढवले की ते काम करणाऱ्या जातीची सुटका होत नाही, उलट तिची बेडी पवित्र ठरते. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. आप्पासाहेबांचे मोठेपण असे की त्यांचे पुढचे आयुष्य या आक्षेपाला कृतीने दिलेल्या उत्तरासारखे दिसते. कणकवलीजवळ १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैला वाहून नेण्याची गरजच उरू नये अशा संडासांची रचना केली, आणि मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले. मोहीम चालवणाऱ्याने मोहिमेची गरज संपेल अशी वस्तू बनवली. प्रशिक्षक स्वतःची गरज संपवत नेतो, ही माझ्या मते त्या व्यवसायाची पहिली कसोटी आहे.

दुसरा दाखला निवडणुकीचा. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यांच्या वक्तृत्वाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. १८ जानेवारी १९७१ रोजी ते गेले. दोन महिन्यांच्या आत लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींची लाट होती. प्रजा समाजवादी पक्षाला देशभरात अवघ्या २ जागा मिळाल्या, आणि त्यातली एक राजापूरची होती. निवडून आलेले मधु दंडवते जन्माने अहमदनगरचे, पेशाने मुंबईतले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पुढे १९९१ पर्यंत ते तिथून सलग खासदार राहिले.

निकाल केवळ वक्तृत्वाने लागत असता तर वक्ता गेल्यावर ही जागाही गेली असती. सहानुभूतीने एखादी निवडणूक निघते. वीस वर्षे निघत नाहीत. मागे काहीतरी उरले होते: वाडीवाडीतून हिंडणारे, मतदारयादी वाचता येणारे, सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करणारे कार्यकर्ते. दंडवत्यांचे स्वतःचे मोठेपण यातून उणे होत नाही, पण त्यांच्या पायाखालची जमीन कोणीतरी आधी भाजून, नांगरून ठेवलेली होती. ही मशागत शिबिरांत होत असे. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने त्या शिबिरांचे एक शास्त्रच बनवले. सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट आणि निळू फुले आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण शिबिराला आपण कलावंतांच्या चरित्रातला एक परिच्छेद मानतो, स्वतंत्र विषय मानत नाही.

आता आजचे युक्तिवाद पाहू. निवडणूक सल्लागार हा जुन्या संघटकाचाच आधुनिक अवतार आहे, तेव्हा हळहळण्याचे कारण काय, असे काही मित्र म्हणतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका पक्षाने सल्लागार कंपनीच्या सांगण्यावरून गुलाबी रंग अंगीकारला; त्यात गैर काय? गैर काही नाही. मात्र फरक आहे. सल्लागार निकालानंतर जातो तेव्हा आपली माहिती, आपली पद्धत आणि आपली माणसे घेऊन जातो. पुढच्या निवडणुकीला त्याला पुन्हा बोलवावे लागते, आणि त्याचा धंदा या पुन्हा बोलावण्यावरच चालतो. प्रशिक्षक जातो तेव्हा विद्या गावात राहते. एकाच्या लेखी मतदार हा मोजण्याचा विषय असतो, तर दुसऱ्याच्या लेखी तो उद्याचा कार्यकर्ता असतो. हा फरक नैतिक आहे, तितकाच तो भाषेचाही आहे. ‘कार्यकर्ता’ हा शब्द आज फलकावरच्या छायाचित्रांच्या रांगेपुरता उरला, आणि त्याचा अर्थ झिजत असताना आपल्याला ते कळले नाही, कारण त्या शब्दामागच्या माणसाचे वर्णन आपल्या वाङ्मयात पुरेसे नव्हतेच.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल: जुन्या शिबिरांचे एवढे गोडवे कशाला? त्यांत शिकवणारे बहुतेक पांढरपेशे होते, आणि मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा माणूस तिथे शिकवायला क्वचितच उभा राहिला असेल. मान्य. पण मग त्याच किनाऱ्याकडे पाहा. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे झगडले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाला त्या मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. अंमलबजावणीचे रडगाणे वेगळे. पण समितीचा अहवाल वाचायला, निवेदन लिहायला, अधिकाऱ्यासमोर आकडे मांडायला या माणसांनी एकमेकांना शिकवले असणारच. ही शिक्षणपरंपरा कोणत्या पुस्तकात आहे? आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही. आपले दुर्लक्ष मला वाटले होते त्याहून मोठे आहे, एवढेच सिद्ध होते.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांकडे माझे मागणे सरळ आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘अमुक कादंबरीतील राजकीय जाणीव’ हा विषय विसाव्यांदा देण्याऐवजी एकदा तरी त्यांना कणकवलीला, शिरोड्याला, मालवणच्या बंदरावर पाठवा. शिबिरांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, हस्तलिखित निवेदने, बौद्धिकांची टिपणे शोधायला सांगा. हा गद्याचा एक प्रकार आहे आणि त्याची शैली अभ्यासण्याजोगी आहे: कमी शब्दांत, न अडखळता, ऐकणाऱ्याला कृतीकडे नेणारी. ज्यांना ‘प्रचारकी’ म्हणून हे दूर सारायचे असेल त्यांनी खुशाल सारावे. फक्त आधी वाचावे. वाळवी कोणासाठी थांबत नाही, आणि त्या वह्या सांभाळणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.