कुलरचाही आवाज वाढला

मागच्या मे महिन्यात आमच्या आत्याबाईंनी नागपूरच्या बर्डीवरून आवाज वाढवणारे इअरबड मागवले. कानात घातले आणि दोन मिनिटांत काढून ठेवले. "तुझा आवाज वाढला, तसा कुलरचाही वाढला ना बाप्पा!"

तक्रार अगदी खरी होती. मायक्रोफोन आवाज पकडतो, चिप तो मोठा करते, स्पीकर कानात सोडतो. साध्या यंत्राला कुलरची घरघर आणि माणसाचं बोलणं सारखंच. वयामुळे येणारा बहिरेपणा मात्र सगळ्या पट्ट्यांत सारखा नसतो. आधी वरची पट्टी जाते. स्वर ऐकू येतात. स, श, त यांसारखी व्यंजनं निसटतात. 'गोळी सात वाजता' म्हटलं की आत्याबाईंना 'आठ' ऐकू यायचं. त्या म्हणायच्या, "आवाज तं येते, बोलणं समजत नाही."

म्हणून माझा आग्रह आहे: दुकानाआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. कुठल्या पट्टीत किती डेसिबल कमी पडतात, हे तपासणीच्या आलेखात दिसतं. श्रवणयंत्र त्याच आलेखाप्रमाणे लावतात: हळू आवाज जास्त वाढवायचा, हॉर्नसारखा मोठा आवाज आवरायचा. आता काही इअरबडही हे करतात. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो 2 मधल्या अशा सुविधेला मान्यता दिली, पण ती फक्त प्रौढांसाठी आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. त्यापुढे श्रवणयंत्रच हवं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर काहीही विकत घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घेताना विचारा: प्रत्येक पट्टी वेगळी लावता येते का? बॅटरी किती तास चालते? इअरबड बहुधा काही तासांतच चार्जिंगला लावावे लागतात, श्रवणयंत्र दिवसभर साथ देतं. दुकानाच्या शांत केबिनमध्ये सगळंच छान वाटतं. दाराबाहेर रहदारीत उभं राहून ऐकून बघा. कान घट्ट बंद झाला की स्वतःचंच बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं, तेही तपासा.

आत्याबाईंचा आलेख 2000 हर्ट्झच्या पुढे घसरत गेला होता. तपासणाऱ्या मुलीने पेन्सिल टेकवून दाखवलं, "आजी, तुमचा 'स' इथं हरवतो." आत्याबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. आता श्रवणयंत्र लागलंय, गोळी सातलाच घेतली जाते. बोलायचं असलं की कुलर मात्र मी आधी बंद करतो.