शस्त्राची निगा : परवान्याची अलिखित शर्त

आत्मसंरक्षणार्थ रीतसर परवाना मिळवून रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल नित्य कमरेला बाळगणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाला, ‘हे शस्त्र आपण किती दिवसांनी साफ करता?’ असे विचारले, तर पुष्कळदा ‘झाडलेच नाही, मग साफ कशाचे करायचे?’ असा प्रतिप्रश्न ऐकावयास मिळतो. तो वरवर कितीही बिनतोड वाटला तरी समूळ चुकीचा आहे. किंबहुना ज्या हेतूने सरकारने हे प्राणघातक साधन त्या गृहस्थाच्या हाती विश्वासाने सोपवले, त्या हेतूलाच तो बाध आणतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या समजुतीचे मूळ, शस्त्राची अस्वच्छता म्हणजे केवळ दारूची काजळी, या कल्पनेत आहे. एके काळी ती कल्पना यथार्थ होती. कारण काळ्या दारूच्या ज्वलनानंतर नळीत उरणारे क्षार हवेतील ओल शोषून घेत आणि पोलादाला पाहता पाहता गंज चढवीत, व पुढे धूररहित दारू प्रचारात आली तरी काडतुसाच्या बुडातील टोपीत क्लोरेटयुक्त मिश्रण वापरले जात असल्यामुळे तोच उपद्रव कितीतरी वर्षे चालू राहिला. आज बहुतेक काडतुसांत तो उरलेला नाही. परंतु अहोरात्र अंगावर वागविल्या जाणाऱ्या शस्त्राचे शत्रू निराळे असतात. घामातील मीठ पोलादावरील निळसर संरक्षक थर हळूहळू खात जाते. कपड्यांचे सूक्ष्म तंतू आणि रस्त्यावरील धूळ घोड्याच्या खाचेत, चापाच्या मागे व गोळ्यांच्या फिरत्या चक्राखाली जाऊन बसतात, आणि तेथे आधीच असलेल्या तेलाशी मिळून त्यांचा चिकट लेप तयार होतो. कमावलेल्या चामड्याचे होल्स्टर दिसावयास डौलदार खरे, परंतु ते ओल धरून ठेवते, आणि कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात शिल्लक असू शकतात. म्हणून त्यातच शस्त्र ठेवून कपाटाला कुलूप लावणारा मनुष्य आपण होऊन गंजाची सोय करीत असतो. या साऱ्या प्रक्रियेत एकही गोळी झाडली गेलेली नसते, आणि म्हणूनच ती मालकाच्या ध्यानात येत नाही.

हे ज्ञान आपल्याला कोणी परक्याने द्यावे असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गविषयक प्रकरणात या बाबतीत अत्यंत नेमके हुकूम आहेत : पर्जन्यकाळी तोफांना व दरवाजांना तेलमेण द्यावे, तोफांच्या कान्यांत मेण भरावे, आणि दारूखान्यातील दारू व बाण आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे. या आज्ञांत लढाई झाली की नाही याचा उल्लेखही नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शस्त्राची निगा प्रसंगावर नव्हे तर ऋतूवर आणि ठरावीक मुदतीवर बांधलेली आहे, आणि त्या मुदतीची जबाबदारी नाव घेऊन एका अंमलदारावर टाकलेली आहे. आजचा परवानाधारक हा आपल्या एका शस्त्राचा सरनोबत आणि हवालदार दोन्ही आहे. त्याच्यावर देखरेख करणारा दुसरा कोणी नाही.

मग मुदत किती असावी? माझे उत्तर असे : शस्त्र झाडले असेल तर ते त्याच दिवशी साफ झालेच पाहिजे, मग गोळ्या पाच झाडल्या असोत वा पन्नास, आणि झाडले नसले तरी नित्य बाळगल्या जाणाऱ्या शस्त्राची पंधरवड्यातून एकदा तपासणी व पुसणी, आणि महिन्यातून एकदा संपूर्ण सफाई झाली पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याने मृगापासून हस्तापर्यंत ही पंधरवड्याची मुदत आठवड्यावर आणावी, आणि पावसात शस्त्र भिजले तर कोणत्याही वाराची वाट न पाहता घरी येताच ते कोरडे करावे. खानदेश-विदर्भातील उन्हाळ्यात गंजाची भीती कमी, परंतु तेल लवकर सुकते आणि धूळ अधिक बसते, तेव्हा तेथेही मुदत वाढविण्यास सबब नाही. खंडेनवमीला शस्त्र बाहेर काढून पुसावयाचे, फुले वाहावयाची आणि पुढील वर्षापर्यंत त्याला विसरावयाचे, हा शस्त्राचा सन्मान नव्हे. पूजेचा खरा अर्थ वर्षभराच्या निगेत आहे.

अति उत्साहानेही हानी होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. शस्त्र तेलाने निथळत ठेवणारा मनुष्य धुळीला आमंत्रण देतो, आणि ते तेल काडतुसाच्या टोपीपर्यंत पाझरले तर ऐन वेळी काडतूस दगा देण्याचा संभव असतो. घरातले खोबरेल किंवा अन्य खाद्य तेल तर मुळीच वापरू नये, कारण वनस्पतिजन्य तेले हवेच्या संसर्गाने कालांतराने घट्ट व चिकट होतात. शस्त्रासाठी असलेल्या खनिज तेलाचा बोटाला जेमतेम जाणवेल इतका पातळ हात पुरे होतो. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या ताराकृती भागाखाली दारूचा एखादा न जळलेला कण अडकला तरी चक्र फिरेनासे होऊ शकते, म्हणून ती जागा आवर्जून पाहावी. पिस्तूल बाळगणाऱ्याने आणखी एक सावधगिरी घ्यावी : सफाईच्या वेळी काढलेले तेच ते काडतूस वारंवार चेंबरमध्ये चढवले, तर त्याची गोळी कवचात मागे रेटली जाऊन झाडतेवेळी दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो, म्हणून अशी काडतुसे क्रमाने बदलत ठेवावीत.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. शस्त्राची हाताळणी जितकी अधिक तितका अपघाताचा संभव अधिक, आणि ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ ही वार्ता वर्तमानपत्रांना नवी नाही, असे हे आक्षेपक म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका ख्यातनाम अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली, तेव्हा शस्त्र हाताळताना घरच्या घरी काय घडू शकते हे सर्वांनी पाहिले. परंतु शस्त्र रिकामे आहे अशी खात्री न करता केवळ तशी समजूत करून घेतली, की अपघात होतो. आणि ही समजूत, वर्षातून एकदा शस्त्राला हात लावणाऱ्याच्याच ठायी बळावते. सफाईला बसण्यापूर्वी पिस्तुलाचे मॅगझीन प्रथम काढणे, मग चेंबर डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपणे, रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडून प्रत्येक घर मोजणे, काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणे, नळीचे तोंड सदैव निर्जन दिशेला राखणे आणि मुलाबाळांना तेथे येऊ न देणे, हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याच्या हातून प्रमाद घडण्याचा संभव पुष्कळच कमी होतो.

व्यक्तीच्या कर्तव्याबरोबर शासनाच्याही कर्तव्याचा विचार झाला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळतो, २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणतानाच परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे नूतनीकरणाचा प्रसंग आता पूर्वीपेक्षा विरळ झाला आहे, आणि म्हणूनच तो अधिक गांभीर्याने वापरला पाहिजे. दप्तरातील कागद आणि शस्त्रावरील क्रमांक जुळतो एवढे पाहून न थांबता, परवानाधारकाने आपले शस्त्र सुरक्षितपणे रिकामे करून, उघडून व साफ करून जाणत्या अंमलदारासमोर दाखवावे, अशी शर्त नूतनीकरणाला जोडावी, ही माझी पहिली सूचना. दुसरी सूचना निवडणुकीच्या काळाविषयी आहे. आचारसंहिता जारी झाल्यावर ज्या परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, त्यांची मालमत्ता काही आठवडे सरकारच्या ताब्यात असते. ती जमा करताना तेल दिलेली असावी, कोरड्या जागी ठेवावी, आणि परत करताना तिची स्थिती मालकासमक्ष पावतीवर नमूद व्हावी. यात खर्च नगण्य आहे. दिरंगाई न करण्याची इच्छा मात्र हवी.

शस्त्र बाळगणे हा आपल्या देशात नागरिकाचा उपजत हक्क नसून, कारण दाखवून मागितलेली आणि विश्वासाने दिलेली एक सवलत आहे. ऐन संकटात न चालणारे शस्त्र बाळगणाराला निष्कारण धीट बनवते, आणि नको तेव्हा चालणारे शस्त्र निरपराध माणसाचा जीव घेते. हे दोन्ही अनर्थ एकाच हयगयीतून उद्भवू शकतात. ज्याला पंधरवड्यातून अर्धा तास या कामी देता येत नाही, त्याने मनाशी प्रामाणिकपणे विचार करावा की आपल्याला या शस्त्राची खरोखर गरज आहे काय. आणि उत्तर नकारार्थी आले तर ते शस्त्र व तो परवाना दोन्ही सरकारजमा करून मोकळे व्हावे. त्यात कमीपणा नाही. निगा न राखता शस्त्र बाळगण्यात मात्र निश्चित आहे.