वर्गाचा आकडा आणि खोलीची अवस्था

वाळवा तालुक्यातील आष्टा परिसरात ऊसतोड सुरू होऊन फडातील पाचट पेटू लागले की हवेत काजळी तरंगू लागते. अशा शिवारालगत ऊस वा केळीच्या रोपांसाठी टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, प्रयोगशाळा उभारताना स्वच्छ खोली कोणत्या वर्गाची असावी, हा प्रश्न आराखड्यातच उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते. तो आकडा एकटा पुरत नाही.

आयएसओ १४६४४-१ या मानकानुसार अर्धा मायक्रॉन व त्याहून मोठे कण वर्ग ५ मध्ये दर घनमीटरला ३,५२०, वर्ग ७ मध्ये ३,५२,००० आणि वर्ग ८ मध्ये ३५,२०,००० पर्यंत चालतात. दरपत्रकांत अजूनही दिसणारा ‘क्लास १००’ हा अमेरिकी फेडरल स्टँडर्ड २०९ मधील असून त्यात कण घनफुटावर मोजले जात. ते मानक २००१ मध्ये रद्द झाले. क्लास १०० म्हणजे साधारणतः आजचा वर्ग ५, हे ठाऊक नसल्यास खरेदीतच घोटाळा होतो.

त्याहून मोठी गफलत अवस्थेची आहे. खोली नुसती बांधून झालेली, यंत्रे बसवलेली पण माणसांविना, आणि प्रत्यक्ष काम चालू असलेली, अशा तीन अवस्था मानक मानते. निर्जंतुक औषधांसाठीच्या ‘बी’ श्रेणीत निवांत अवस्थेत ३,५२०, तर काम चालू असताना ३,५२,००० कणांची मुभा असते. हा शंभरपटीचा फरक प्रामुख्याने माणसांच्या वावरातून येतो.

उसाचा कोवळा अग्रांकुर चिमट्याने उचलून लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम साखर असलेल्या माध्यमावर ठेवताना बाटलीचे तोंड काही क्षण उघडे राहते, आणि बुरशीचा एक बीजाणू तेवढ्यात पडला तरी ती बाटली वाया जाते. म्हणून वर्ग ५ ची हवा त्या उघड्या तोंडावर, लॅमिनार फ्लो टेबलावर, हवी. सभोवतीच्या खोलीला वर्ग ७ किंवा ८ बहुधा पुरतो, आणि सगळी खोली वर्ग ५ ची करण्याचा हट्ट वीजबिल वाढवतो. शिवाय कणमोजणी यंत्राला काजळी आणि बीजाणू यांतला भेद कळत नाही, त्यामुळे उघड्या पेट्री डिशांची चाचणी वेगळी करावीच लागते.

मागणीपत्रात वर्ग, कणाचा आकार आणि अवस्था ही तिन्ही लिहावीत, आणि स्वीकृतीची मोजणी ऊसतोडीच्या दिवसांत, टेबलाशी माणसे बसलेली असताना, करून घ्यावी.